शहाण्णव आणि चव्वेचाळीस

"मेलेल्या म्हशीला मणभर दूध," आत्या म्हणाली आणि तिनं वेताची पट्टी इतक्या जोरात ओढली की खुर्ची करकरली.

भाचीनं हातातलं आमंत्रण अजून धड वाचूनही संपवलं नव्हतं. आंधळ्यांच्या पहिल्या शाळेची जुनी इमारत आता मास्तरांचं स्मारक होणार होती. मास्तरांचा अर्धपुतळा, मास्तरांची काठी, मास्तरांचा चष्मा, आणि काचेच्या पेटीत मास्तरांनी 'एकट्याने, स्वहस्ते टोचलेले' पहिलं वाचनपुस्तक, पानं एकशेचाळीस. उद्घाटनाला सगळ्यात जुनी विद्यार्थिनी या नात्यानं आत्यानं त्या पुस्तकाचं पहिलं पान बोटांनी वाचून दाखवावं, अशी नम्र विनंती होती.

"तो शब्द पुन्हा वाच," आत्या म्हणाली.

"कुठला?"

"एकट्याने."

भाचीनं वाचला.

"आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. म्हणीतलं आंधळं कोण ते मला चांगलं ठाऊक आहे. लिही त्यांना, येते म्हणून."

आता आत्याचं सांगायचं तर ती त्र्याहत्तर वर्षांची, जन्मापासून आंधळी, आणि स्वभावानं अशी की कुणी कीव केली तर त्याला दारातूनच वाटेला लावायची. पुढच्या खोलीत वेताच्या पट्ट्या पाण्यात भिजत पडलेल्या, मागच्या खोलीत दोन पलंग आणि स्वयंपाक. पन्नासपेक्षा जास्त वर्षं ती खुर्च्या विणत होती. बोटांना असे घट्टे पडले होते की चहाचा पेला चुलीवरून थेट उचलायची. भावाची मुलगी लहानपणी पोरकी झाली, ती आत्याकडेच वाढली. भाचीला दोन्ही डोळे धडधाकट. चार महिन्यांपूर्वी तिला त्या स्मारकातच जुन्या कागदपत्रांच्या कामावर तात्पुरतं घेतलं होतं, पण घरात त्या शाळेचं नाव काढायची चोरी, म्हणून ती कामावरून आली की गप्प जेवायची.

आणि चोरी का, तर ताईमुळे.

ताई म्हणजे आत्याची थोरली बहीण, तीही आंधळी. आठ वर्षांनी मोठी. दोघी मागच्या खोलीत शेंगा सोलत बसायच्या, पाहुणे आले की बाहेरून कडी लागायची. मास्तर दारोदार फिरून अशा पोरी शोधायचे. डोळस माणूस, चांगली नोकरी सोडलेली, आणि आंधळ्यांना वाचायला शिकवतो म्हणतो, हे ऐकून लोक त्यांना वेड्यात काढत. काहींनी कुत्री सोडली अंगावर. आत्याच्या बापानं तर काठीच घातली होती पाठीत. मास्तर दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात हजर. आठवडाभर रोज. शेवटी बाप कंटाळला आणि म्हणाला, घेऊन जा दोन्ही धोंडे.

हे आत्या नाकारत नव्हती. मास्तर नसते तर आपण शेंगाच सोलत मेलो असतो, हे तिला पक्कं माहीत होतं, आणि नेमकं तेच तिला सहन होत नव्हतं. कारण पुस्तक टोचलं ताईनं. पाटीत जाड कागद अडकवायचा, टोचणीनं एकेक ठिपका दाबायचा, तोही उजवीकडून डावीकडे, म्हणजे कागद उलटला की उठलेले ठिपके डावीकडून वाचता येतात. अंगात ताप असला तरी ताई टोचायची. खोकला आला की पाटी बाजूला करायची, खोकून झालं की पुन्हा जवळ ओढायची. बाविसाव्या वर्षी ती गेली. चौदा वर्षांची आत्या त्याच आठवड्यात शाळा सोडून वेत विणायला लागली. पुढे मास्तरांचे सत्कार झाले, हार झाले, वर्तमानपत्रात फोटो आले. ताईचं नाव कुठेच नाही. मास्तर दोनदा आत्याच्या दारात आले होते. बापासारखीच तीही दार लावून आत बसली, फक्त मास्तर तिसऱ्यांदा आले नाहीत.

तर उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी रंगीत तालीम होती. आत्या धुतलेलं लुगडं नेसून, भाचीचा दंड धरून निघाली. तिचा बेत साधा होता. स्मारकाच्या भिंतीवरच्या पाटीत ताईचं नाव घालणार असाल तर वाचते, नाहीतर तुमचं तुम्ही वाचा.

स्मारकाचे संचालक, ज्यांना तिथे सगळे साहेब म्हणत, दारातच सामोरे आले. "या, या आजी. केवढं भाग्य आमचं."

"तुमची आजी घरी असेल," आत्या म्हणाली. "पुस्तक कुठे आहे?"

नव्या रंगाचा वास येत होता. भाचीचा दंड एकाएकी ताठ झालेला आत्याला जाणवला, पण तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. पेटीचं कुलूप उघडलं. प्लॅस्टिकच्या पिशवीतून पान सरकवून काढल्याचा आवाज आला आणि तिच्यापुढे कागद ठेवला गेला. साठ वर्षांनी. तिनं डावा हात काठाला लावला, उजव्या हाताची दोन बोटं वरच्या कोपऱ्यात ठेवली आणि हलकेच सरकवली.

काही नाही.

तिनं बोटं लुगड्याला पुसली. पुन्हा ठेवली. कागद टेबलासारखा गुळगुळीत. तिला वाटलं, घट्ट्यांमुळे असेल. मग करंगळी लावली, जिला घट्टा नव्हता. मग कागद उचलून गालाला लावला. साहेबांनी घसा खाकरला.

"हे कुठलं पान आहे?" आत्यानं विचारलं.

"पहिलंच," भाची म्हणाली.

"इथं काही नाही."

"आत्या, पानं फार फुगली होती. ओल लागून लाटा आल्या होत्या. सपाट करून पिशव्यांत घाला असा कागद आला होता वरून. मी मध्ये टिपकागद घालून, कापड जरासं ओलं करून..." ती थांबली. "मी इस्त्री फिरवली. अगदी डोळ्यांत तेल घालून केलं. एक पान फाटू दिलं नाही."

"किती पानांवर?"

"सगळ्या."

आत्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. डोळसांनी आंधळ्यांचं पुस्तक जपायचं ठरवलं आणि पहिलं काय केलं, तर त्यातली अक्षरं इस्त्रीनं मोडली आणि वर काच लावली. एवढी अक्कल जगात दुसऱ्या कुणाला सुचली नसती.

"मूर्ख कार्टे," ती म्हणाली, सावकाश. "ते फुगलेलं म्हणजेच पुस्तक होतं."

"मला काय माहीत?" भाचीचा आवाज आता चढला. "तू मला कधी शिकवलंस? वीस वर्षं तुझ्या घरात काढली. एक ठिपका कधी बोटाला लावून दिलास? मी एकदा विचारलं होतं, आठवतंय? तू हातातली पट्टी मारली होतीस मला."

आठवत होतं. आत्या कागदाचा काठ चाचपत राहिली. साहेबांनी नेमकी तीच वेळ साधली.

"आता झालं ते झालं. काही अडत नाही. तुम्हाला पहिलं पान पाठ असेलच. बोट फिरवायचं आणि म्हणायचं. लोकांना काय कळणार आहे?"

"पाठ आहे," आत्या म्हणाली. "शहाण्णव पानं पाठ आहेत. म्हणते मी. भिंतीवरच्या पाटीत माझ्या बहिणीचं नाव घाला. पुस्तक तिनं टोचलंय."

"पितळी पाटी आहे हो. कोरून झालीय. आणि याला पुरावा काय?"

"पुरावा होता. त्यावर तुम्ही इस्त्री फिरवलीत. ताईचा हात मी झोपेत ओळखला असता. तिचे ठिपके टोकदार, खोल. डोळस माणसाचे कसे, चापट आणि एका रेषेत नाहीत."

"म्हणजे पुरावा नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातला तो समाधानाचा सूर आत्याच्या नाकाला मिरचीसारखा झोंबला.

मग तिला आठवलं. साठ वर्षं जी गोष्ट आठवायचं कारण नव्हतं, ती एकदम हाताशी आली.

"कोपरे बघ," ती भाचीला म्हणाली. "खालचा उजवा कोपरा. भोक आहे का?"

भाचीनं पान उचललं. "आहे. बारीक. सुईएवढं. ती कसर आहे, आत्या. पुस्तकाला कसर लागली होती, मी तसं नोंदवहीत लिहिलंय. बुजवायचीही होती, पण खळ संपली."

"खळ संपली ते फार बरं झालं. कसर म्हणे. कसर काय रांग धरून कोपऱ्यात खाते? अगं, पान टोचून झालं की ते उलटून वाचायचं, चूक नाही ना बघायचं, आणि मग तपासल्याची खूण करायची. ज्यानं टोचलं त्यानंच तपासायचं, हा मास्तरांचा नियम. डोळस माणूस काय करेल? पेन्सिलीनं बरोबरची खूण. ताईला पेन्सिलीचा काय उपयोग? ती कोपऱ्यात टोचणी आरपार घालायची, बोटाला लागावी म्हणून. डोळे असलेला माणूस कागदाला भोक कशाला पाडेल? आता बाकीची पानं बघ. सगळ्यांना असेल."

साहेब म्हणाले, वेळ नाही. आत्या म्हणाली, मग उद्या मलाही वेळ नाही. साहेब खुर्चीत बसल्याचा आवाज आला.

भाची खिडकीशी उभी राहून एकेक पान उजेडाला धरत होती आणि मोजत होती. प्लॅस्टिकची चुरचुर, आकडा, चुरचुर, आकडा. आत्या मान हलवत ऐकत होती. पन्नास. सत्तर. नव्वद. आत्या मनातल्या मनात साहेबांचं तोंड कसं झालं असेल ते बघत होती. पंच्याण्णव. शहाण्णव.

मग आकडा आला नाही.

"काय झालं?"

"सत्त्याण्णवला भोक नाही."

"नीट बघ."

"बघितलं. पेन्सिलीची खूण आहे." चुरचुर. "अठ्ठ्याण्णवलाही पेन्सिल. नव्व्याण्णव. शंभर." चुरचुर बराच वेळ चालली. "शेवटपर्यंत पेन्सिलच आहे, आत्या. चव्वेचाळीस पानं."

आत्याला शहाण्णव पानं पाठ होती, कारण ताई टोचायची तसतशी तिला वाचायला द्यायची. पुढची पानं ताईनं नंतर घाईनं उरकली असतील, आजारात दिली नसतील वाचायला, असंच ती साठ वर्षं धरून चालली होती. भाचीला सहज खोटं बोलता आलं असतं. सगळ्यांना भोकं आहेत म्हणाली असती तरी आत्यानं मान्यच केलं असतं. ही कार्टी खरं बोलली, आणि आत्याला त्या क्षणी तिचा दुप्पट राग आला.

"म्हणजे मास्तरांनी टोचलंय, तुम्हीच म्हणता," साहेब म्हणाले.

"चव्वेचाळीस. एकशेचाळीस नव्हे."

"आजी, एक सांगतो. उद्या मोठी माणसं येणार आहेत. तिथं इस्त्री, कसर, भोकं असलं काही निघालं, तर चौकशी होईल. पानांचं काम कुणी केलं ते नोंदवहीत लिहिलंय, खाली सही तुमच्या भाचीची आहे. माझी नाही. पुढच्या महिन्यात तिला कायम करायचा विचार होता."

असं हळू, गोड आवाजात धमकी देणारी माणसं आत्यानं आयुष्यात पुष्कळ ऐकली होती. ती काठी टेकत उठली आणि भाचीचा दंड न धरता दाराकडे चालू लागली. दाराची चौकट खांद्याला लागली, तरी थांबली नाही.

घरी दोघी जेवल्या. हात धुताना आत्यानं विचारलं, "नोकरी हवीय का तुला?"

"हवीय," भाची म्हणाली.

"मग उद्या गप्प बसते मी. म्हणते पान आणि येते."

भाचीनं भांडी घासून पालथी घातली. मग म्हणाली, "काल तू मला मूर्ख म्हणाली असतीस तर मी चिडले असते. आज म्हणालीस ते खरंच होतं. तू तुझं बोल. मी पान धरते."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्मारकाचा हॉल माणसांनी भरला होता. भाषणं झाली. मास्तरांचं धैर्य, मास्तरांची चिकाटी, एका माणसानं जग कसं बदललं, वगैरे. एका वक्त्यानं आंधळ्यांच्या अंधाराबद्दल इतकं गहिवरून सांगितलं की आत्याला जांभई आली. मग तिला टेबलापाशी नेलं, पुढे पान ठेवलं, तोंडाशी माइक आणला. तिनं बोटं कागदावर ठेवली. डावीकडून उजवीकडे सरकवली, दुसऱ्या ओळीवर आणली, थांबली.

"इथं काही लिहिलेलं नाही," ती माइकमध्ये म्हणाली.

पुढच्या रांगेत खुर्ची सरकली.

"या कागदावर इस्त्री फिरवलीय. आंधळ्यांची अक्षरं उठलेली असतात, ती बसली. आता हे पुस्तक कुणालाच वाचता येत नाही, तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. म्हणून काचेत ठेवलंय."

"त्यांना बसवा," कुणीतरी म्हणालं. "वय झालंय."

"इस्त्री मी फिरवली," भाचीचा आवाज आला, आत्याच्या अगदी शेजारून. "माझीच चूक आहे. मला ही अक्षरं येत नाहीत आणि मी विचारलंही नाही. आता सगळ्यांनी इकडे बघा. मी पान खिडकीशी धरते. खालच्या कोपऱ्यातून उजेड येतोय, दिसतोय का?"

आत्याला उजेड दिसत नव्हता, पण हॉलमधली कुजबुज थांबल्याचं ऐकू आलं.

"ते भोक माझ्या बहिणीचं आहे," आत्या म्हणाली. "अशी शहाण्णव आहेत. ती आंधळी होती, बाविसाव्या वर्षी गेली, आणि तुमच्या भिंतीवर तिला जागा नाही. तिच्यामागं चव्वेचाळीस पानं मास्तरांनी टोचली. तीही सांगते. मला ते सांगायची अजिबात इच्छा नव्हती. साठ वर्षं मी घरोघरी सांगत आले की या माणसानं एक ठिपका टोचला नाही. मी खोटं सांगत होते. भिंतीवरची पाटीही खोटं सांगते. दोघींनी गप्प बसलेलं बरं."

मग तिनं पहिलं पान म्हटलं. बोट न फिरवता, हात मांडीवर ठेवून. "हात पुढे कर. ही भिंत आहे. भिंत खरबरीत आहे. भिंतीला धरून चाल. आता भिंत संपली. घाबरू नकोस, हे दार आहे." एवढंच होतं ते पान. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि आत्याला ते बरंच वाटलं.

भाचीची नोकरी दुपारच्या आतच गेली. साहेब शब्दाचे पक्के निघाले. पितळी पाटी 'पॉलिशसाठी' म्हणून काढून नेली ती अजून परत आलेली नाही, भिंतीवर चार स्क्रूची भोकं तेवढी आहेत. आत्या पुढच्याच आठवड्यात पुन्हा स्मारकात गेली आणि बाकावर ठाण मांडून बसली. साहेबांनी तीनदा बाहेर निरोप पाठवला की भेटता येणार नाही. चौथ्या दिवशी शेवटच्या चव्वेचाळीस पानांचे फोटो तिच्या हातात आले. इतकं सोपं होतं, फक्त चार दिवस बसायला लागलं.

आता पुढच्या खोलीत वेताच्या बादलीशेजारी दुसरं टेबल आहे. आत्या पाठ असलेली शहाण्णव पानं रोज दोन या हिशोबानं टोचते. टोचताना भाचीचं बोट धरून ठिपक्यांवर दाबते आणि ती चुकली की वेताची पट्टी आपटते, मात्र टेबलावर. पुढची पानं आत्याला येत नाहीत, ती भाचीलाच करायची आहेत. फोटो पानांवर तिरका उजेड पाडून काढलेत, त्यांत मोडलेल्या ठिपक्यांच्या सावल्या पुसट दिसतात.

सत्त्याण्णवाव्या पानाला भाचीनं तीन दिवस घेतले. "या पानावर चुकलेले ठिपके दाबून बसवून पुन्हा टोचलेले फार आहेत," ती म्हणाली. "काही ओळी मास्तरांनी चार-चारदा केल्यात."

"हट्टी होता तो माणूस," आत्या म्हणाली. "काय लिहिलंय?"

"रस्ता ओलांडण्याआधी थांब. ऐक. मग चाल."

"हे वाचलं असतं तर गेल्या वर्षी त्या सायकलवाल्यानं मला पाडलं नसतं. दे इकडे."

तिनं भाचीचं पान बोटाखाली घेतलं. ठिपके चापट, ओळ किंचित खाली घसरलेली, डोळस माणसाचा हात. पण वाचता येत होतं, एकही चूक नव्हती. तिनं मान हलवली आणि पान परत सरकवलं. भाचीनं खूश होऊन टोचणी उचलली आणि खालच्या उजव्या कोपऱ्यावर टेकवली.

आत्यानं तिच्या मनगटावर फटका मारला.

"ते ताईचं आहे," ती म्हणाली. "तुला डोळे आहेत. पेन्सिल घे."